गरम पेयाचा एकवापरी कप आणि त्यालाच जोडलेलं झाकण: अडतंय कुठे?

घडीबाज

नमस्कार मंडळी,

कागदाच्या घड्या घालण्याचा नाद जुना आहे. सध्या एका गोष्टीने डोकं खाल्लंय. गरम पेयाचा एकवापरी कप बघा. कप कागदाचा, आतून पॉलिथिनचा पातळ थर. झाकण मात्र पॉलिस्टायरीनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं. दोन वस्तू, दोन कारखाने, दोन खोकी. कप संपला की झाकणं उरतात, झाकणं संपली की कप. टाकताना कप एकीकडे, झाकण दुसरीकडे, आणि बहुतेक वेळा दोन्ही भलतीकडेच.

मग झाकण कपालाच का नसावं?

माझी कल्पना अशी. कपाची भिंत ज्या पंख्याच्या आकाराच्या तुकड्यातून गुंडाळतात, तो तुकडा वरच्या बाजूला वाढवायचा. काठाच्या वर समोरासमोर दोन पाकळ्या. काठाच्या रेषेवर कमानीसारखी घडी आखून ठेवायची. पेय भरलं की पाकळ्या आत दाबायच्या, त्या टक् आवाज करून बसतात आणि एका टोकाला पिण्यापुरती चोच उरते. हाताने कापलेले नमुने केलेत. गार पाण्यावर झकास चालतात.

असे कप कुणी केलेच नाहीत असं नाही. युनोकप, बटरफ्लाय कप ही नावं शोधलीत तर घडीचं झाकण असलेले कप दिसतील. तरी वेगळं झाकणच सगळीकडे राज्य करतंय. का? माझं डिझाइन कुठे मार खाईल? स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.

---

उगाच_एक

पहिला नंबर! आता वाचतो.

---

वाफाळ

कल्पना आवडली. पण "गार पाण्यावर झकास" हे वाक्य गरम पेयाच्या धाग्यात धोक्याची घंटा आहे. :)

---

जीभ_भाजली

वाफाळ यांना +१. चांगल्या झाकणाचं मोठं काम म्हणजे पेय ओठांपर्यंत बेताबेताने आणणं. नुसतं सांडू न देणं हे अर्धंच काम झालं. पाकळ्यांच्या चोचीतून धार किती येईल यावर ताबा आहे का? माझ्या आयडीचं कारण असंच एक झाकण आहे.

---

तळटीप

जीभ_भाजली यांच्या मुद्द्याला धरूनच थोडा इतिहास.

कप-झाकणं करणाऱ्या सोलो कंपनीचं ट्रॅव्हलर झाकण आठवा. वर उचललेला घुमट, मध्ये खळगा, कडेला पिण्याचं छोटं भोक. जॅक क्लेमेंट्स यांना १९८६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. घुमटामुळे फेस दबत नाही, वरच्या ओठाला टेकायला जागा मिळते आणि खळग्यामुळे नाक झाकणावर आपटत नाही. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने साध्यासुध्या वस्तूंच्या प्रदर्शनात हे झाकण मांडलं होतं.

लुईस हार्पमन आणि स्कॉट स्पेक्ट या दोन वास्तुरचनाकारांनी तर झाकणांचा मोठा संग्रह केला आणि २०१८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. पिण्याच्या पद्धतीवरून त्यांनी चार जाती पाडल्या आहेत: सोलायचं, चिमटायचं, टोचायचं आणि ओठांचा चंबू करून प्यायचं. घडीबाज, तुमच्या पाकळ्या यातल्या कशात बसतात ते आधी ठरवा. माझ्या मते कशातच नाही, आणि हे कौतुक आहे की टीका ते मला अजून कळलेलं नाही.

जाता जाता: पाठीमागच्या बारीक छिद्राकडे लक्ष असू द्या. पेय बाहेर येतं तेवढी हवा आत जायला हवी. ती वाट नसेल तर धार अडखळते, गटगट करत येते आणि मग एकदम हबका बसतो.

---

उगाच_एक

झाकणांचा संग्रह करणारे लोक आहेत आणि आमच्या घरी मी डब्यांची झाकणं जपतो म्हणून बोलणी खातो.

---

कागदी_वाघ

कागदी कपांच्या मशिनवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घडीबाज, तुमची घडी चांगली असेल. माझं भांडण काठाशी आहे.

कप कसा बनतो ते आधी. छापलेल्या रोलमधून ब्लँक, म्हणजे भिंतीचा पंख्यासारखा तुकडा, पंच होतो. तो मँड्रेलवर, म्हणजे कपाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, गुंडाळून साइड सीम, म्हणजे बाजूचा उभा जोड, गरम करून दाबतात, आतला पॉलिथिनचा थर वितळून तोच गोंदाचं काम करतो. मग तळाची चकती आत, भिंतीची खालची कड तिच्यावर दुमडायची आणि नर्लिंग करून, म्हणजे दातेरी चाकाने, पक्की दाबायची. सगळ्यात शेवटी कर्लिंग. कपाच्या तोंडावर डाय, म्हणजे साचा, बसते आणि कड बाहेरच्या बाजूला गोल गुंडाळते. तुम्ही ओठाला लावता तो गोल काठ तिथे तयार होतो.

हा काठ शोभेचा नाही. एक, तो कपाला गोल ठेवतो. काठ नसलेला कप भरून उचला, बोटांखाली चेपतो. दोन, झाकण त्याच्यावरच टक् बसतं, झाकणाची खाच काठाच्या खालून पकडते. तीन, ओठाला कापलेली कड लागत नाही. चार, एकात एक घातलेले कप सुटे करताना पकड काठाचीच असते. आपोआप कप टाकणाऱ्या यंत्रात फिरते स्क्रू असतात, ते काठाखाली शिरून एकेक कप खाली सोडतात. काठ नाही तर यंत्र कपाला ओळखतच नाही.

तुमच्या डिझाइनमध्ये काठाच्या जागेवर घडी आहे. म्हणजे झाकण मिळवलंत आणि काठ गमावलात. वेगळं झाकण का टिकलं याचं माझ्या परीने उत्तर हेच.

---

वाफाळ

कागदी_वाघ, असा प्रतिसाद वाचायला मिळाला की इथे येण्याचं सार्थक होतं.

एक शंका. पाकळ्या वर उभ्या असतील तर कप एकात एक बसतील का?

---

कागदी_वाघ

बसतील. पाकळ्या भिंतीच्याच उतारात सरळ वर गेल्या असतील तर अडचण नाही, शंकूत शंकू जातो. साध्या कपांच्या थप्पीत प्रत्येक कप जेमतेम सेंटीमीटरभर वर राहतो, इथेही तेवढाच राहील. फक्त थप्पीच्या टोकाला पाकळीची उंची जास्तीची. पण पाकळी वाहतुकीत जराशी आत वळली तर वरचा कप तिला चेपून आत बसणार आणि मग ते दोन कप काही केल्या सुटायचे नाहीत.

बाहेरून बिजागरी लावून चकती लटकवलीत तर वेगळाच घोळ. प्रत्येक कपाची चकती खालच्या कपाच्या काठावरून बाहेर येणार, सगळ्या एकाच बाजूला. कौलांसारख्या एकावर एक चढतात आणि थप्पी केळ्यासारखी वाकडी होते. करून पाहिलेलं आहे.

---

आळशी_अजगर

हे सगळं युरोपात सुटलंय ना? तिथे कायद्याने झाकण जोडलेलंच हवं. २०२४ पासून.

---

तळटीप

आळशी_अजगर, तो नियम बाटल्यांचा. युरोपीय संघाचा २०१९ चा एकवापरी प्लास्टिकविषयीचा निर्देश, क्रमांक २०१९/९०४. त्यातलं सहावं कलम ३ लिटरपर्यंतच्या पेयपात्रांना लागू आहे, म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुठ्ठ्याचे थरदार खोके. त्यांची प्लास्टिकची टोपणं वापरताना पात्रालाच जोडलेली राहिली पाहिजेत, ३ जुलै २०२४ पासून.

कप त्या कलमात नाहीत. कपांना आणि त्यांच्या झाकणांना त्याच निर्देशात वेगळे नियम आहेत: वापर कमी करायचा आणि कपात प्लास्टिक आहे हे सांगणारी खूण कपावर छापायची. फुगवलेल्या पॉलिस्टायरीनच्या कपांवर तर बंदीच आहे.

---

आळशी_अजगर

बरं. म्हणजे बाटलीचं टोपण नाकाला टोचतं तेवढंच आपल्या वाट्याला.

---

सांडशी

मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूने लिहिते. कॉफी बनवून देण्याचं काम केलंय, त्यामुळे कपाकडे बघायची नजर वेगळी आहे.

पहिली गोष्ट, पाकळ्या उभ्या असताना ओतायचं कसं? दुधाच्या भांड्याची चोच कपाच्या काठाजवळ तिरकी आणावी लागते. मध्ये पाकळी आली तर दूध उंचावरून पडणार, फेस मोडणार आणि कप किती भरला तेही दिसणार नाही. गर्दीच्या वेळी हा वेळ परवडत नाही.

दुसरी गोष्ट कुणीच बोललं नाही. पाकळ्या आत दाबायच्या म्हणजे अंगठे कुठे टेकणार? जिथे गिऱ्हाईक ओठ लावणार, नेमके तिथेच. साधं झाकण मी कडेने तळव्याने दाबते, पिण्याच्या भोकाला हात लावत नाही. तुमच्या कपात हात लावल्याशिवाय बंदच होत नाही.

आणि बटणं! झाकणावर छोटे फुगवटे असतात ना, ते दाबून आत कुठलं पेय आहे याची खूण करतो आम्ही. चार सारखे कप एकत्र दिले की तीच उपयोगी पडतात. त्यांना जागा ठेवा.

---

घडीबाज

सांडशीताई, अंगठ्याचा मुद्दा जिव्हारी लागला. पाकळीला बाहेरच्या बाजूने एक कान काढून तो ओढला की पाकळी आत जाईल, असं काही सुचतंय. बघतो.

कागदी_वाघ, कमानी घडीमुळे थोडा ताठपणा परत मिळतो. वक्र रेषेवर घडी पडली की दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग एकमेकांना वाकू देत नाहीत. उशीच्या आकाराची भेटवस्तूंची खोकी उघडून बघा, पातळ पुठ्ठा असूनही चांगला दम धरतात. पण यंत्राला पकडायला काठ नाही, हे मान्य.

---

भौतिकराव

उशीच्या खोक्याचं नाव काढलंत म्हणून विचारतो. गोल तोंडावर पाकळ्या आत दाबल्या की तोंड गोल राहतं का?

नाही राहत. दाबलेल्या बाजू आत येतात, उरलेल्या दोन बाजू बाहेर फुगतात, तोंड लांबट होतं. परीघ मात्र तोच, कारण कागद ताणत नाही. आणि ठरावीक परिघात सगळ्यात जास्त क्षेत्रफळ वर्तुळाचंच असतं. ८० मिमी व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंमी. तेच तोंड लंबगोल होऊन लांबी रुंदीच्या दुप्पट झाली तर ४२ च्या आसपास उरतं. म्हणजे सुमारे १६ टक्के जागा गेली, शिवाय पाकळ्या आत झुकतात तीही जागा गेली.

ती जागा पेयाने भरलेली असेल तर पेय जाणार कुठे? वर. म्हणजे काठोकाठ भरलेल्या कपाचं झाकण लावताना कप स्वतःच पेय बाहेर ढकलणार, तेही सांडशीताईंच्या अंगठ्यांवर. गार पाण्याचा प्रयोग करताना कप किती भरला होता?

---

घडीबाज

पाऊण. :(

आत्ता काठोकाठ भरून पाकळ्या दाबल्या. टेबल पुसतोय.

---

उगाच_एक

या धाग्यावरचं पहिलं प्रायोगिक संशोधन. टाळ्या.

---

जीभ_भाजली

हसण्यावारी नेऊ नका. गरम पेयं ८० अंशांच्या वरही दिली जातात. मॅकडोनाल्ड्सविरुद्धचा तो गाजलेला खटला आठवतोय का? १९९२ ची घटना, १९९४ चा निकाल. लोक अजून "कॉफी गरम होती म्हणून लाखो डॉलर" असा विनोद करतात. प्रत्यक्षात कॉफी ८२ ते ८८ अंशांना ठेवली जात होती आणि ७९ वर्षांच्या बाईंना तिसऱ्या दर्जाच्या भाजण्याच्या जखमा झाल्या, त्वचारोपण करावं लागलं. गाडी थांबलेली होती. दूध-साखर घालण्यासाठी त्या कप गुडघ्यांत धरून झाकण काढत होत्या, तेव्हा तो सांडला.

झाकण *काढताना*. माझ्यासाठी या धाग्याचा मुद्दा तिथेच आहे. घट्ट बसलेलं झाकण सुटतं तेव्हा झटक्याने सुटतं आणि मऊ कप हातात चेपतो. जोडलेलं झाकण अर्धवट, हळूहळू उघडता आलं तर तो झटकाच जातो. घडीबाज, तुमच्या कल्पनेत दम आहे तो इथे. कचरा वगैरे नंतर.

---

मृण्मयी_म

कचरा "वगैरे" नाही हो. :)

एक सरळ प्रश्न. एवढं डोकं लावण्यापेक्षा स्वतःचा कप जवळ बाळगणं सोपं नाही का? एकवापरी कप कितीही हुशार केला तरी तो एकदाच वापरायचा.

---

वाफाळ

मृण्मयी, तत्त्वतः बरोबर. पण रुग्णालयं, प्रवास, मोठे कार्यक्रम इथे एकवापरी कप राहणारच आहेत. राहणारच असतील तर निदान बरे असावेत.

---

तळटीप

आणि एकवापरी कप आला तोच आरोग्याच्या कारणाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रेल्वेत, शाळांत पाण्यापाशी साखळीला बांधलेला एकच पेला असे, सगळे त्यातूनच पीत. १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने या सामाईक पेल्यावर बंदी घातली. लॉरेन्स लुएलेन यांचा कागदी कप त्याच काळातला, पुढे तो डिक्सी कप म्हणून ओळखला गेला. तो गार पाण्यासाठी होता. गरम पेयांची भानगड नंतरची.

---

मृण्मयी_म

मान्य, पण थराबद्दल बोला. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी कागदी कपांत ८५ ते ९० अंशांचं पाणी १५ मिनिटं ठेवून पाहिलं होतं. १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण आढळले. आता झाकणही त्याच कागदाचं करणार म्हणजे वाफ त्या थराला लागणार. आणि घडीवर तो थर तडकत असेल तर?

---

कागदी_वाघ

मृण्मयीताईंचा प्रश्न अगदी जागेवर आहे. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेला आडवी पडली तर बाहेरचे तंतू तुटतात आणि थरही ताणला जातो. आधी खाच दाबून घेतली तर फरक पडतो, पण कमानी घडीची दिशा जागोजागी बदलते, त्यामुळे कुठेतरी ती आडवी येणारच. पाण्यात मिसळून लावायचे नवे थर वापरलेत तर घडीवर जास्त जपावं लागेल, ते पॉलिथिनइतके लवचीक नसतात.

त्याहून मोठी पंचाईत कापलेल्या कडेची. थर लागतो तो कागदाच्या पृष्ठावर. कापलेली कड उघडीच. साध्या कपात वरची कड गुंडाळून काठात लपते, तळाची कड नर्लिंगमध्ये. तुमच्या पाकळ्यांच्या सगळ्या कडा उघड्या आहेत, त्याही नेमक्या वाफेत आणि ओठांपाशी. कड पाणी शोषते, कागदाचे पदर सुटायला लागतात. कपात पेय भरून पाकळ्या बंद करा आणि थोडा वेळ विसरून जा. नंतर चोचीची कड चिमटीत धरून बघा.

शिवाय पाकळीची वरची बाजू कोरी, तिथे थरच नाही. तिच्यावर पेय सांडणार, ओठ लागणार. दोन्ही बाजूंना थर द्यायचा तर तसा कागद मिळतो, गार पेयांचे कप त्याचेच असतात, कारण बाहेरून पाण्याचे थेंब जमतात. पण मग प्लास्टिक वाचवायला निघालो होतो ते वाढलं.

---

आळशी_अजगर

घडीबाज अजून आहेत का, की कप टाकून बर्फाच्या गोळ्याकडे वळले?

---

घडीबाज

आहे, आहे. कड चिमटीत धरून आलो. ओल्या वर्तमानपत्रासारखी सुटली.

---

भौतिकराव

जरा अवांतर, पण झाकणाशी नातं आहे. चालताना पेय का सांडतं यावर क्रेशेत्निकोव्ह आणि मेयर यांचा २०१२ चा शोधनिबंध आहे, त्याला इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं होतं. कपातलं पेय डचमळण्याला स्वतःचा ताल असतो. ४ सेंमी त्रिज्येच्या कपात तो सेकंदाला साधारण ३.४ झोके असा निघतो. आपल्या पावलांचा ताल सेकंदाला दोनच्या आसपास. सरळ जुळत नाही, पण हातातल्या हालचालीत पावलांच्या तालाच्या पटीही मिसळलेल्या असतात आणि त्या झोक्यांच्या जवळ जातात. झटकन चालायला सुरुवात केली की पहिल्या काही पावलांतच कपाला लय सापडते.

म्हणून वर जागा सोडणं हा साधा उपाय. घडीबाजांच्या कपाला ती जागा तशीही लागणारच आहे. आतून भरण्याची रेघ छापा, दोन्ही प्रश्न सुटतात.

पुढे एका कोरियन विद्यार्थ्याने कप वरून पंजाने धरून चालावं किंवा उलटं चालावं असं दाखवलं. त्यालाही २०१७ चं इग नोबेल.

---

उगाच_एक

वरून पंजाने धरला तर पाकळ्या आपोआप बंद राहतील. डिझाइन पूर्ण! फक्त सगळ्यांनी उलटं चालायचं.

---

सांडशी

उलटं चालणारी गिऱ्हाइकं आधीच पुरेशी आहेत, फोनमध्ये बघत.

रेघेचं म्हणाल तर उपयोग नाही. फेसाखाली रेघ दिसत नाही. आणि कप वरून रिकामा दिसला की लोक "अजून ओता" म्हणतात.

एक विचारायचं होतं. नेहमीच्या कपात झाकण लावताना पिण्याचं भोक सीमच्या जागी आलं तर तिथून थेंब गळतात. आम्ही नव्या मुलांना पहिलं हेच शिकवतो. असं का होतं?

---

कागदी_वाघ

सीमवर कागद दुहेरी असतो. काठ गुंडाळला जातो तेव्हा तिथे एक बारीक पायरी उरते, कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरचा एखादा भाग. झाकणाची खाच त्या पायरीच्या बाजूला पुरती टेकत नाही. पिताना कप तिरका केला की पेय काठापर्यंत येतं आणि त्या फटीतून हनुवटीवर. भोक सीमच्या समोर ठेवलं तर सीमची बाजू उंच राहते, पेय तिथवर पोचतच नाही.

---

वाफाळ

इतकी वर्षं शर्टावर पडणारे थेंब माझ्या वेंधळेपणाच्या खात्यावर जमा होत होते. घरी हे वाचून दाखवणार आहे.

---

जीभ_भाजली

सीमच्या या गोष्टीतच उत्तर नाही का? झाकण कपाला कुठेतरी जोडायचंच आहे, तर सीमवरच जोडा. भोक आपोआप समोर येईल. चुकीच्या जागी लावताच येणार नाही.

---

घडीबाज

थांबा थांबा. हे बघा कसं वाटतं.

एकाच कागदाचा हट्ट सोडतो. कप नेहमीचाच, गुंडाळलेल्या काठासकट. झाकण म्हणजे कागदाची वेगळी चकती, तिच्या कडेला खाली वळवलेली झालर, म्हणजे कापलेली कड ओठाला लागत नाही. चकतीला एक जीभ. जीभ कपाच्या *आतल्या* बाजूने, सीमवर, काठाच्या जरा खाली चिकटवायची. चकती काठाच्या वर उभी राहते.

काठ बाहेरच्या बाजूला गुंडाळलेला असल्यामुळे आतली भिंत गुळगुळीतच असते. झाकण वरून चढवायच्या ऐवजी बुचासारखं आत दाबून बसवायचं, झालर भिंतीला घट्ट टेकते. तोंड गोलच राहतं, त्यामुळे भौतिकरावांचा पूर येत नाही. चोच सीमच्या समोर. अंगठा चकतीच्या मध्यावर टेकतो, ओठांच्या जागी नाही. आणि ती बटणं चकतीच्या मध्याभोवती उठवता येतील.

कागदी_वाघ, थप्पी लागेल?

---

कागदी_वाघ

चांगलं आहे हे. थप्पीत आतल्या बाजूला जिभेच्या जाडीची भर पडेल, तेवढी उतारात सामावते. काठ शाबूत, त्यामुळे काठ धरून कप सुटे होतील. उभी चकती मात्र सपाट असेल तर वरचा कप तिला मागे ढकलेल. ती भिंतीच्या गोलाईत वाकलेली हवी, आणि झालर त्या अवस्थेत चपटी राहिली पाहिजे. झालर आधीच वळवून ठेवलीत तर थप्पी विसरा. झालरीला चिरे देऊन ती दाबताना वळेल असं करावं लागेल, आणि चिरे आले की गळती आली. सगळ्यात अवघड भाग हा आहे, जीभ वगैरे नाही.

आपोआप कप टाकणाऱ्या यंत्रात हे अजूनही अडकेल, हे आधीच सांगून ठेवतो. हातातल्या वापरासाठी करा.

---

सांडशी

चकती एकाच बाजूला उभी असेल तर मला चालेल. समोरून ओतता येतं, आत दिसतं. डावखुऱ्यांनी कप फिरवून घ्यावा.

साखर ढवळायला चकती अर्धी उचलता येईल ना? मग जीभ_भाजली यांचा गुडघ्यातल्या कपाचा प्रश्नही बराचसा मिटतो. झाकण हातात घेऊन ठेवायचं कुठे, हा तर रोजचा प्रश्न आहे. टेबलावर उलटं ठेवलं की खालचे थेंब टेबलभर.

---

मृण्मयी_म

आणि झाकण कागदाचंच, जोडलेलंच. म्हणजे लगद्याला जाताना कपाबरोबर जाईल. पॉलिथिनचा थर वेगळा काढणारी गिरणी लागतेच, पण निदान दोन वेगळ्या वस्तू दोन वेगळ्या डब्यांत टाकायची अपेक्षा नाही. मक्यापासूनच्या साध्या पीएलए प्लास्टिकचं झाकण हा पर्याय गरम पेयात ५५-६० अंशांनाच मऊ पडतो, त्याला मुद्दाम स्फटिकी करून घ्यावं लागतं. त्यापेक्षा हे बरं. स्वतःचा कप आणणं याहून बरं, ते आहेच.

---

उगाच_एक

मृण्मयीताईंनी "बरं" म्हटलं. धागा यशस्वी.

---

भौतिकराव

एक खोडा घालतो. चकतीच्या खालच्या बाजूला थर, वरची कोरी. कोरी बाजू हवेतल्या दमटपणाने फुगते, थराची बाजू फुगत नाही. चकती खालच्या बाजूला वाकेल, म्हणजे वाटीसारखी होण्याऐवजी मध्यभागी वर उचलली जाईल. घुमट मिळेल, पण झालर भिंतीपासून सुटेल की जास्त दाबली जाईल, हे कागदावर सांगता येत नाही. गरम पाण्यावर ठेवून बघा. यावेळी काठोकाठ.

---

घडीबाज

घुमट फुकट मिळाला तर नाकाला जागाही फुकट. :)

झालरीला चिऱ्यांऐवजी बारीक चुण्या देऊन बघतो, कपकेकच्या कागदासारख्या. चिरा नाही म्हणजे गळती नाही, आणि दाबली की वळेल. जिभेची रुंदी २० मिमी धरलीय, भिंतीवरच्या पॉलिथिनला गरम इस्त्रीने दाबून.

---

कागदी_वाघ

२० कमी पडेल, चकती डुलेल. ३० ठेवा. सीमच्या पायरीवर जीभ दोन्हीकडे सारखी टेकली पाहिजे, नाहीतर एका बाजूने सुटते. आणि पुढे कधी मशिनवर न्यायची वेळ आली तर जीभ कर्लिंगनंतर चिकटवा. आधी चिकटवलीत तर डाय खाली येताना उभी चकतीही काठाबरोबर गुंडाळून टाकेल.